घरच्या पडद्यावरील जुने बोलपट

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरली त्या पहिल्याच आठवड्यात आठवीच्या वर्गातील एका मुलाने मला विचारले, "बाई, जुन्या सिनेमातली माणसं अशी भरभर का चालतात? त्यांना कसली एवढी घाई असायची?" सारा वर्ग खो खो हसला. मीही हसले. सुटीत त्याने थोरल्या भावाच्या मोबाईलवर दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'चा काही भाग पाहिला होता. पाच मिनिटांत कंटाळून सोडूनही दिला होता. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी वर्गात दिले, पण तास संपत आला होता आणि उत्तर अर्धेच राहिले. ते पुरे करावे म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट ही, की त्या माणसांना मुळीच घाई नव्हती. घाई आपल्या यंत्रास आहे. मूकपटांच्या काळी कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवीत. चित्रफितीवर एका सेकंदात साधारणतः सोळा ते अठरा चित्रे उमटत. दांडा फिरविणाऱ्याच्या हातावर हे अवलंबून असल्यामुळे त्यात कमीजास्तही होई. पुढे बोलपट आला. ध्वनी चित्रफितीच्या कडेलाच उमटवावयाचा असल्याने फितीचा वेग बदलून चालेना, कारण वेग डळमळला की आवाजाची पट्टी चढते-उतरते आणि गाणारा बेसूर होतो. म्हणून सेकंदाला चोवीस चित्रे हा वेग कायम ठरला. आता सोळाच्या वेगाने टिपलेली फीत चोवीसच्या वेगाने दाखविली तर काय होईल, हे त्रैराशिक आमच्या आठवीच्या मुलांनी वहीत मांडावे. तीन सेकंदांत चालत गेलेला हरिश्चंद्र दोनच सेकंदांत जाईल! त्या बिचाऱ्या सत्त्वशील राजाचे हसू व्हावे यात त्याचा दोष कोणता? वेग नीट जुळवून हे चित्रपट पाहिले की तीच माणसे धीराने, भारदस्तपणे चालू लागतात. जुन्या चित्रपटांविषयी आपण जी मते बनवितो, त्यांतली किती अशा यंत्राच्या चुकीवर उभी असतात, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ३ मे १९१३ रोजी लोकांपुढे आला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा फाळक्यांनी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवून उभे केले, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु लहान मुलांनी पाहण्यासारखा त्यांचा चित्रपट माझ्या मते वेगळाच आहे. तो म्हणजे १९१९ चा 'कालिया मर्दन'. यात कृष्णाचे काम फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी हिने केले आहे. आरंभीच ती मुलगी पडद्यावर येते आणि निरनिराळे भाव चेहऱ्यावर आणून दाखविते. आता जी कृष्ण होणार ती आधी एक साधी मुलगी आहे, असे जणू बाप प्रेक्षकांना सांगतो. नंतर तीच मुलगी कालियाच्या डोहात उडी घेते. शंभर वर्षांपूर्वीचा प्रेक्षक भोळा होता, पडद्यावरील देवाला खराच देव समजत होता, असे आपण ऐकत आलो आहोत. ही सुरुवात पाहिल्यावर मला ते तितकेसे खरे वाटेनासे झाले.

आपल्या भागातील वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. निपाणीहून कोल्हापूर अवघे चाळीसएक किलोमीटर. पुणे-बेंगळुरू रस्त्याने आपण कितीदा तरी तिकडे जातो. कुणी अंबाबाईच्या दर्शनास जातो, कुणी दवाखान्यास, कुणी लग्नाचा बस्ता बांधावयास. त्याच कोल्हापुरात कन्नड भाषेतील पहिला बोलपट तयार झाला, हे किती जणांस ठाऊक असेल? 'सती सुलोचना' हे त्याचे नाव. वाय. व्ही. राव यांनी तो दिग्दर्शित केला, छत्रपती सिनेटोनच्या आवारात त्याचे चित्रण झाले आणि १९३४ च्या मार्चमध्ये तो प्रदर्शित झाला. रावणाचे काम आर. नागेंद्रराव यांनी केले होते, इंद्रजिताचे सुब्बय्या नायडू यांनी. तेव्हा कोल्हापूर हे संस्थान होते आणि निपाणी-बेळगाव मुंबई इलाख्यात. भाषावार प्रांतरचना होऊन आपला भाग म्हैसूर राज्यात गेला तो १९५६ साली, म्हणजे बावीस वर्षांनी. भाषेच्या प्रश्नावर आपल्याकडे घराघरांत काय बोलले जाते ते मी येथे सांगण्याचे कारण नाही. परंतु कन्नड बोलपटाचा पहिला शब्द मराठी मुलखातील एका स्टुडिओत, मराठी सुतारांनी आणि रंगाऱ्यांनी उभ्या केलेल्या लंकेत उच्चारला गेला असेल, ही कल्पना माझ्या मनास फार रुचते. हा बोलपट मात्र आज कोणालाच पाहता येत नाही. त्याची एकही प्रत उरलेली नाही. त्याच्या तीन वर्षे आधीच्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाचीही हीच गत झाली.

प्रती उरत का नाहीत, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या काळातील चित्रफीत नायट्रेट नावाच्या द्रव्याची असे. हे द्रव्य इतके ज्वालाग्राही, की एकदा पेटले म्हणजे पाण्यानेही विझता विझत नाही. न पेटले तरी वर्षानुवर्षे डब्यात राहून ते चिकट होते, पुढे त्याची भुकटी होते. शिवाय या फितीत चांदी असते. चित्रपटाचे दिवस संपले की कित्येक निर्माते जुन्या फिती चांदी काढण्यासाठी विकून टाकीत. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर या गृहस्थांनी गावोगाव हिंडून, घरोघरच्या माळ्यांवरून, गोदामांतून, फाळक्यांच्या वारसांकडून जे मिळेल ते गोळा केले. आज आपण फाळके पाहू शकतो ते पुष्कळ अंशी या एका माणसाच्या हट्टामुळे. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारातील कोठारास आग लागली आणि नायट्रेटच्या अनेक मूळ फिती जळाल्या. ज्यांच्या नकला आधी केलेल्या होत्या ते चित्रपट वाचले.

नायट्रेटनंतर आलेली फीत पेट घेत नसे. पण ती जुनी झाली की तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो आणि ती आखडते. आता उरलेल्या फितींतील एकेक चित्र संगणकावर उतरवून, त्यावरचे ओरखडे पुसून, ध्वनीतील खरखर काढून त्या जपण्याचे काम चालते. हे काम करणाऱ्यांना मी एकदा तरी पाहावे अशी माझी इच्छा आहे. दीड तासाच्या चित्रपटात चोवीसच्या हिशेबाने किती चित्रे होतात, हेही आठवीने काढून पाहावे.

आता बोलपटांतील गाण्यांविषयी. जुना चित्रपट लावला की मुले पहिली तक्रार करतात ती ही, की माणसे मधेच उभी राहून गातात आणि आवाज नाकातून आल्यासारखा येतो. याचे मूळ नाटकात आहे. बेळगाव जिल्ह्यातीलच गुर्लहोसूर गावी जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून पन्नास वर्षे मराठी माणूस नाटकाला जाई तो गाणे ऐकावयास. बोलपट आला तेव्हा त्याने हाच प्रेक्षक आणि हेच गायक नट उचलले. पार्श्वगायनाची युक्ती आपल्या देशात रूढ होऊ लागली ती १९३५ नंतर. त्यापूर्वी नटाने कॅमेऱ्यापुढे उभे राहून स्वतःच गावयाचे आणि तबलजी, पेटीवाले यांनी झाडामागे, खांबामागे लपून साथ करावयाची! ध्वनिक्षेपकही लपविलेला असे. नट त्याच्यापासून फार दूर गेला तर आवाज हरवे, म्हणून तो एका जागी खिळल्यासारखा दिसतो. आवाज नाकातून येत नाही. त्या काळच्या यंत्रास खर्जातले आणि अगदी टिपेचे स्वर नीट पकडताच येत नसत, म्हणून मधलेच तेवढे आपल्या कानी पडतात. 'अयोध्येचा राजा' (१९३२) मधील गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांना ऐकताना एवढे ध्यानात ठेवले तर पुष्कळ गैरसमज दूर होतो.

हा 'अयोध्येचा राजा' कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी ती काढली. यांतील बहुतेक बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. मोठे शिक्षण कुणाचे नव्हते. कुणी पडदे रंगविले होते, कुणी यंत्रे दुरुस्त केली होती. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास गेली आणि पुढील आठ-दहा वर्षांत तिने जे केले त्याला तोड नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

उन्हाळ्याच्या सुटीत आईला घेऊन मी 'संत तुकाराम' (१९३६) पाहिला. आमच्या घरी कोंकणी बोलली जाते. आई मराठी वाचते, पण मनातले बोलावयाचे तर कोंकणीतच. तुकोबांचे काम विष्णुपंत पागनीसांनी केले आहे. हे गृहस्थ पूर्वी नाटकांतून स्त्रीभूमिका करीत. ते गाऊ लागतात तेव्हा चेहऱ्यावर अभिनय असा काही दिसतच नाही. जणू कोणी आपल्याच ओसरीवर बसून भजन म्हणतो आहे. यातील एक पद शांताराम आठवल्यांनी स्वतः रचलेले आहे आणि ते इतके तुकोबांच्या वळणाचे झाले, की ते गाथेत शोधणारे लोक निघाले. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. मुंबईत तो एका चित्रपटगृहात वर्षभराहून अधिक काळ चालला.

हे सर्व मी आईला मोठ्या उत्साहाने सांगत होते. तिचे लक्ष नव्हते. ती पाहत होती आवलीकडे. गौरी नावाच्या नटीने ही भूमिका केली आहे. गौरी या काही शिकलेल्या, नावाजलेल्या नटी नव्हत्या. पण घरात दाणा नसताना अभंग रचीत बसलेल्या नवऱ्याची बायको कशी बोलेल, कशी चालेल, म्हशीशी कशी भांडेल, हे त्यांनी असे काही उभे केले आहे की पाहतच राहावे. मूल आजारी पडते तेव्हा ही आवली चक्क देवालाच जाब विचारण्यास वहाण घेऊन देवळात शिरते. मला भीती वाटली की आईला हे रुचणार नाही. ती देवभोळी आहे. पण आई कोंकणीत एवढेच म्हणाली, की हिने केले ते बरोबर केले, देवाने ऐकावयास नको? शेवटी विमान येते, तुकोबा वैकुंठास जातात आणि आवली पोरांना घेऊन मागे उरते. दामल्यांनी ते विमान मोठ्या कौशल्याने उडविले आहे. त्यातील दोर दिसतो का, हे मी दोनदा मागे नेऊन पाहिले, आणि तेवढ्यात आईने डोळे पुसल्याचे माझ्या नजरेस पडले नाही. नंतर चहा करताना तिनेच सांगितले. चित्रपटगृहात मागे नेण्याची सोय नसते, हे एका परीने बरेच म्हणावयाचे.

'कुंकू' (१९३७) मात्र मी एकटीनेच पाहिला आणि तो घरातील सर्वांनी एकत्र बसून पाहावा असे सांगताना आजही मी किंचित अडखळते. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांतारामांनी तो काढला. नीरा या अनाथ मुलीचे लग्न फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लावून देतात. ती रडत नाही, पळूनही जात नाही; हे लग्न मला मान्य नाही एवढे ती त्याच घरात राहून रोज सांगत राहते. शांता आपटे यांनी नीरेचे काम केले आहे, केशवराव दात्यांनी वकिलाचे. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. जो आवाज ऐकू येतो तो त्या घरातला: घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा खणखणाट, ग्रामोफोन, रस्त्यावरचा कोलाहल. आजकाल प्रत्येक प्रसंगी वाद्यवृंद आपल्याला कुठे हसावे नि कुठे घाबरावे ते सांगत असतो. 'कुंकू' काहीच सांगत नाही. घड्याळाचा आवाज ऐकता ऐकता त्या म्हाताऱ्याचे वय आपोआप आपल्या मनावर येऊन बसते. म्हाताऱ्याला खलपुरुष न करता त्याला स्वतःची चूक उमगू दिली आहे, हे मला यातील सर्वांत धाडसाचे वाटले. शेवटाशी मी सहमत नाही. तो आत्महत्या करतो. मुलीच्या सुटकेसाठी कुणाचा जीव जावा लागावा, हे का? पण १९३७ साली तिला दुसरी वाट कोणती होती, असे आमच्या शाळेतील एका ज्येष्ठ शिक्षिकेने मला विचारले, तेव्हा मला उत्तर सुचले नाही. सावत्र मुलीचे काम शकुंतला परांजपे यांनी केले आहे. त्या रँग्लर परांजप्यांच्या कन्या, आणि संततिनियमनाच्या कार्यात उभे आयुष्य घातलेल्या बाई. त्या पडद्यावर ताठ मानेने बोलतात तेव्हा अभिनय कुठे संपतो ते कळत नाही.

प्रभातचे बहुतेक बोलपट मराठी आणि हिंदी असे दोन भाषांत एकाच वेळी निघत. एक प्रसंग मराठीत टिपून झाला की तोच देखावा, तोच प्रकाश ठेवून लगेच हिंदीत टिपावयाचा. 'कुंकू' हिंदीत 'दुनिया न माने' झाला, 'माणूस' (१९३९) हिंदीत 'आदमी'. कधी नट तेच असत, कधी बदलत. 'अमृतमंथन' (१९३४) मध्ये राजगुरूचे काम मराठीत केशवराव दात्यांनी केले तर हिंदीत चंद्रमोहन यांनी. त्या हिंदी राजगुरूचे डोळे ज्याने पाहिले तो ते विसरणार नाही. 'शेजारी' (१९४१) तर दोन्ही भाषांत पाहावा. त्यात एक हिंदू आणि एक मुसलमान असे दोन म्हातारे मित्र आहेत. मराठीत केशवराव दाते जिवबा झाले आहेत आणि गजानन जागीरदार मिर्झा. हिंदी 'पडोसी'त मिर्झा जागीरदारच आहेत, पण हिंदू म्हातारा मात्र मजहर खान! ज्यांच्या घरी दोन-तीन भाषा रोज वापरल्या जातात अशा आपल्याकडच्या मुलांना हा खेळ विशेष आवडेल. 'माणूस'मधील मैना म्हणजे शांता हुबळीकर. त्या हुबळीजवळच्या अदरगुंचीच्या. कन्नड मुलखात जन्मलेल्या या बाईंनी त्या चित्रपटात एकाच गाण्यात अनेक भाषांची कडवी म्हटली आहेत, कारण समोर बसलेले गिऱ्हाईक नाना प्रांतांचे आहेत. गाणे खेळकर आहे, प्रसंग नाही.

पुढील काळातील चित्रपट वाचकांना अधिक परिचयाचे असतील, म्हणून त्यांवर फार रेंगाळत नाही. अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. तो आम्ही शाळेत दाखवितो. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम पाहून लहान मुले आजही रडतात. मोठी मुले रडू दडविण्यासाठी मागे बसून गोंधळ करतात, हे शिक्षकांच्या लक्षात येत नाही असे त्यांना वाटते. 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या विजयानंदमध्ये अडीच वर्षे चालला. भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' (१९६५) मला त्याहून जवळचा वाटतो. कोल्हापूरकडची बोली, लोहाराचा भाता आणि 'आनंदघन' या नावामागे राहून लता मंगेशकरांनी दिलेले संगीत, यांमुळे तो आपल्या शेजारच्या गल्लीत घडतो आहे असे वाटते. माझ्या मातृभाषेतील चित्रपटांविषयीही एक वाक्य लिहू द्यावे: पहिला कोंकणी बोलपट 'मोगाचो आंवडो' १९५० साली आला, आणि फ्रँक फर्नांड यांचा 'निर्मोण' (१९६६) हा टेनिसनच्या एका काव्यकथेवर बेतलेला आहे; समुद्रात हरवलेला नवरा परत येतो आणि घर दुसऱ्याचे झालेले पाहतो, ही गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसाला परकी वाटण्याचे कारणच नाही.

आता शेवटची गोष्ट. ती निपाणीची आहे.

मराठी चित्रपटांच्या इतिहासात सहसा न सापडणारा, सुमारे पंचवीस मिनिटांचा एक कृष्णधवल माहितीपट आहे. 'तंबाखू चाकीला ऊब आली' हे त्याचे नाव. बेंगळुरू येथे १९८० साली काही स्त्रियांनी 'युगांतर' नावाचा चित्रपटगट स्थापन केला. दीपा धनराज यांनी दिग्दर्शित केलेला हा माहितीपट १९८२ चा, आणि त्याचा विषय म्हणजे निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायका. निपाणीच्या तंबाखूची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली येथे झालेले तंबाखू उत्पादकांचे आंदोलनही जुन्या लोकांच्या स्मरणात आहे. परंतु शेतातून आलेली ती तंबाखू बडविणाऱ्या, चाळणाऱ्या, दिवसभर तिची धूळ नाकातोंडात घेणाऱ्या बायकांकडे कॅमेरा नेला तो या मंडळींनी. त्या बायका संघटित कशा झाल्या, मालकांपुढे उभ्या कशा राहिल्या, हे त्या स्वतःच सांगतात. हा चित्रपटही विस्मृतीत जात होता. पुढे बर्लिनच्या 'आर्सेनल' या संस्थेच्या साहाय्याने त्याचे नव्याने जतन झाले. निपाणीच्या बायकांचे शब्द जपले गेले ते जर्मनीतील एका संग्रहालयाच्या मदतीने!

माझ्या वर्गातील एका मुलीची आजी वखारीत कामास होती, हे मला योगायोगाने कळले. मुलीने ते स्वतःहून कधी सांगितले नव्हते. 'आजी काय करायची?' या प्रश्नाला तिने निबंधात 'घरकाम' असे लिहिले होते. तिला न दुखविता हा विषय कसा काढावा, याचा मी बरेच दिवस विचार केला आणि अखेर एका रविवारी त्यांच्या घरी गेले. लॅपटॉप पाटावर ठेवला. आजी भिंतीला टेकून बसल्या, नात दारात उभी राहिली. आत येईना.

चित्रपट सुरू झाला. आजींनी पहिली दहा मिनिटे एक शब्द उच्चारला नाही. पदर तोंडाशी धरून त्या पाहत होत्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि पडद्यावरील एका बाईच्या हातांकडे बोट दाखविले. "ही नवी हाय. हात बगा की तिचा, अजून बसला न्हाई." त्या बाईचा चेहरा त्यांनी ओळखला नव्हता, काम ओळखले होते. त्यानंतर मात्र त्या बोलू लागल्या. चाळण कशी धरावी, तोंडाला फडके कसे बांधावे, बाळंतीण झालेली बाई कितव्या दिवशी परत येई, संध्याकाळी घरी गेल्यावर तान्हे मूल अंगाच्या वासाने कसे तोंड फिरवी. आमचे बोलणे चालू असताना चित्रपट संपून गेला. नात केव्हा आत येऊन आजीच्या शेजारी बसली, ते माझ्या ध्यानात आले नाही.

मी विचारले, "आजी, खरं दाखवलंय का सगळं?"

"समदं खरं हाय बाई," त्या म्हणाल्या. "पर वास न्हाई त्यात. वास आला असता तर तुमी हितं बसला नसता."

चित्रपटकलेविषयी मी पुष्कळ पुस्तके वाचली आहेत. हा मुद्दा मला कुठे आढळला नव्हता. मी तो वहीत लिहून घेतला. नातीने विचारले, "आज्जे, तू बी संपात हुतीस?" आजींनी तिच्याकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या, "हुते की. तुला कुणी सांगितलं न्हाई?" यावर ती काय बोलणार? सांगणारे कोणी नव्हतेच.

मी पुन्हा एकदा तो माहितीपट लावू का, असे विचारले. आजींनी मान हलविली. "ऱ्हाऊ दे. जल्मभर त्येच बगितलं. तुमच्याकडं तुकाराम हाय म्हनं, त्यो लावा."

मी 'संत तुकाराम' लावला. वीज दोनदा गेली, तरी लॅपटॉप चालू राहिला. आवली वहाण घेऊन देवळात शिरली तेव्हा आजी मोठ्याने हसल्या आणि त्यांनी नातीच्या पाठीवर एक थाप मारली.